अद्भुतसृष्टींतील प्रणय

मराठींत ज्या वाङ्मयप्रकारास आपण कादंबरी म्हणतों त्याचें नांव मुळांत एका प्रणयिनीचें नांव आहे, ही गोष्ट नित्याच्या परिचयामुळें आपल्या लक्षांत राहत नाहीं. बाणभट्टाची कादंबरी ही गंधर्वकन्या. प्रियकराचे प्राण गेले असतां त्याचें शरीर ती जपून ठेवते, आणि शाप, जन्मान्तर व चंद्रलोक यांच्या फेऱ्यांतून तो अखेर तिच्याकडे परत येतो. म्हणजे अद्भुत आणि प्रणय यांची सांगड घालणें ही आजच्या पाश्चात्त्य प्रकाशकांनीं काढलेली युक्ति नव्हे. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या कादंबऱ्यांनीं हीच वाट मळली होती. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं मध्यमवर्गीय घराचें दार उघडून आंतलें सुखदुःख दाखविलें, तेव्हां ती वाट ओस पडली. आणि सुशिक्षित वाचक अद्भुताला बालवाङ्मयांत जागा देऊन मोकळा झाला.

आतां ती वाट पुन्हां गजबजली आहे, पण इंग्रजींतून. अद्भुतरम्य कथानकाच्या केंद्रस्थानीं प्रणय ठेवणाऱ्या कादंबऱ्यांचें अमेरिकेंत गेल्या दहाबारा वर्षांत जणूं पीक आलें आहे. तिकडे त्यांना 'रोमँटसी' म्हणतात. २०२४ सालीं ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं वर्षाचा शब्द निवडण्यासाठीं जी लहानशी यादी केली तींत हा शब्द होता. आम्ही या लेखापुरतें त्यास 'प्रणयाद्भुत' म्हणूं. सारा मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ सालीं निघाली, रेबेका यारोस यांची 'फोर्थ विंग' २०२३ सालीं. आणि या दुसऱ्या मालिकेंतील तिसरें पुस्तक 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ मध्यें प्रसिद्ध झालें तेव्हां पहिल्याच आठवड्यांत त्याच्या सुमारें २७ लाख प्रती खपल्याचें वृत्त आलें. ज्या पुस्तकांचा एवढा वाचकवर्ग आहे त्यांजकडे टीकाकारानें पाठ फिरवावी हें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

आम्ही स्वतः मात्र कांहीं काळ पाठ फिरविली होती, हें कबूल केलें पाहिजे. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीच्या पुढ्यांत, तासास नेमलेल्या नाटकाखालीं, असलेंच एक जाडजूड पुस्तक आम्हांस दिसलें. आम्हीं तें उचललें, मुखपृष्ठावरील ड्रॅगन वर्गाला दाखविला, आणि पदवी परीक्षेच्या उंबरठ्यावर अजून राजपुत्र व राक्षस सुटत नाहींत काय, असा एक स्वस्त विनोद केला. वर्ग हंसला. तास संपल्यावर ती मुलगी पुस्तक परत घेण्यास आली आणि शांतपणें म्हणाली, "सर, बाहेर कशाचीच खात्री नसते. निदान पुस्तकांत तरी असूं दे." या उत्तरास आमच्यापाशीं तेव्हां प्रत्युत्तर नव्हतें. आम्हीं तें पुस्तक तिच्याकडूनच मागून नेलें, आणि त्यानंतर त्या जातीचीं आणखी कांहीं वाचलीं. हा लेख म्हणजे त्या मुलीस उशिरानें दिलेलें उत्तर आहे.

प्रथम निराधार आक्षेप दूर करावे हें बरें. हीं पुस्तकें बहुतांशीं स्त्रियांनीं लिहिलेलीं आणि स्त्रियांनीं वाचलेलीं आहेत. तेवढ्यावरून त्यांना हलकीं ठरविणें हा रसिकतेचा नव्हे, सवयीचा निकाल होय. त्यांत शृंगाराचीं वर्णनें उघडीं आहेत, असेंहि म्हटलें जातें. 'कुमारसंभवा'चा आठवा सर्ग ज्यांच्या वाङ्मयांत आहे त्यांनीं हा आक्षेप घेतांना थोडा विचार करावा. त्यांचा शेवट गोड असतो हाहि दोष नव्हे. बाणाच्या कथेचाहि शेवट गोडच आहे. अद्भुत असंभाव्य असतें ही तक्रार तर सर्वांत दुबळी. असंभाव्य तें लेखकानें एकदां मागून घेतलें कीं वाचक तें देतो. मग त्या देण्याचें लेखकानें काय केलें, एवढेंच विचारावयाचें असतें.

आमच्या मतें खरा प्रश्न तोच आहे. प्रणयकथेंत अद्भुत आलें म्हणजे तें प्रेमासाठीं नेमकें काय करतें? आम्हांस त्याचीं दोन कार्यें दिसतात. कधीं अद्भुत प्रेमाच्या बाजूनें साक्ष देतें, आणि कधीं तें प्रेमाची उलटतपासणी घेतें. या दोहोंचें उदाहरण आपल्याकडे एकाच कथेच्या दोन रूपांत आहे. महाभारतांतील दुष्यन्त शकुन्तलेस ओळखतो, परंतु लोकापवादाच्या भयानें नाकारतो. तेव्हां आकाशवाणी होऊन तिच्या बाजूनें निकाल देते. साक्ष झाली, खटला संपला. कालिदासानें आकाशवाणीऐवजीं दुर्वासाचा शाप व अंगठी आणली. शापामुळें राजाचा अपराध सौम्य होतो हा आक्षेप जुना आहे आणि त्यांत तथ्यहि आहे. परंतु या शापामुळेंच राजाला आपलें प्रेम विसरावें लागलें, अंगठी पाहून तें आठवावें लागलें, आणि आठवल्यावर आपण काय केलें हें जाणून जगावें लागलें. अद्भुतानें तेथें प्रेमाचा निकाल दिला नाहीं. तें प्रेम राजाला नव्यानें, आणि महाग किंमतीस, मिळवावें लागलें.

ही कसोटी हातीं घेऊन आपण मासबाईंच्या मालिकेकडे वळूं. कथेची नायिका फेअरी ही दरिद्री घरांतील, शिकार करून कुटुंब पोसणारी मानवकन्या. ती परीवंशीय सरदारांच्या प्रदेशांत नेली जाते, तेथील एका सरदारावर तिचें प्रेम जडतें, आणि पहिला भाग संपतांना ती स्वतःहि त्या दीर्घायुषी जातीची होते. २०१६ सालीं निघालेल्या दुसऱ्या भागांत लेखिकेनें खरोखर धाडस केलें आहे. पहिल्या भागाचा नायक आपल्या प्रेयसीला संकटांपासून जपतां जपतां घरांत कोंडूं लागतो; प्रेमाचा तुरुंग कसा होतो याचें हें चित्र कोणत्याहि वास्तववादी कादंबरीस शोभलें असतें. फेअरी तेथून बाहेर पडते आणि ऱ्हायसँड या दुसऱ्या सरदाराकडे ओढली जाते. आतां तिची निवड पाहावयाची अशी आपली अपेक्षा असते. आणि याच ठिकाणीं लेखिका आपल्या सृष्टीचा एक नियम पुढें करते. त्या जातींत क्वचित् दोन व्यक्तींमध्यें एक जन्मजात अदृश्य बंध असतो, आणि तसा बंध या दोघांत आहे.

आम्हां मराठी वाचकांस हा नियम वाचून एकदम घरीं आल्यासारखें वाटतें. ज्या समाजानें पत्रिका, गोत्र आणि वडीलधारे यांचें जोखड झुगारून स्वतःच्या निवडीचा हक्क शतकाच्या झगड्यानें मिळविला, त्याच समाजाच्या लेखिका ३६ गुण जुळलेली पत्रिका मागील दारानें आंत आणीत आहेत! फरक एवढाच कीं येथें जोशीबुवांच्या जागीं रक्तांतील जादू आहे. आपल्याकडील जोशीबुवांशीं वधूपित्याला निदान दक्षिणेबाबत घासाघीस करतां येते. जादूपाशीं तीहि सोय नाहीं.

तथापि न्याय करावयाचा तर पुरता करावा. मासबाईंना या नियमांतील धोका कळलेला आहे. ऱ्हायसँडचे आईबाप अशाच बंधानें जोडलेले असूनहि त्यांचें जमलें नाहीं, असें त्या सांगतात; आणि बंध स्वीकारण्याचा अधिकार त्या स्त्रीकडे ठेवतात. तिनें आपल्या हातानें पुरुषाला अन्न दिलें म्हणजे स्वीकार झाला. हें रहस्य आपल्यापासून लपविलें गेलें हें कळतांच फेअरी संतापते, दूर निघून जाते, आणि पुष्कळ विचारानंतर त्याच्यापुढें सुपाचें एक भांडें ठेवते. सर्व मालिकेंत आम्हांस हा प्रसंग सर्वांत खरा वाटला. रक्तांतील जादू, युद्धें, मायावी प्रासाद हें सर्व क्षणभर मागें सरतें. उरते ती एक स्त्री, एक भांडें, आणि तें पुढें करावें कीं न करावें हा तिचा निर्णय. लेखिका येथेंच थांबती तर! परंतु या निर्णयाच्या मागें बंधाचा शिक्का आधींच उमटलेला आहे, आणि वाचकाला तो पुसतां येत नाहीं.

'फोर्थ विंग'मध्यें हीच व्यवस्था अधिक यांत्रिक झाली आहे. सेनानीची मुलगी व्हायोलेट आणि देहान्त शिक्षा झालेल्या बंडखोराचा मुलगा झेडन यांच्यामध्यें वैराची भिंत उभी आहे. प्रणयाला याहून चांगला अडसर कोणता हवा? पण दोघांचे ड्रॅगन हे परस्परांचे जोडीदार निघतात. तीं जनावरें फार काळ दूर राहूं शकत नाहींत, म्हणून त्यांच्या स्वारांनाहि दूर राहतां येत नाहीं, आणि एकाचा मृत्यु दुसऱ्याच्या जिवावर बेतूं शकतो. वैर विरघळावयास जी धीम्या पावलांची समजूत लागते, जो अविश्वास आधीं उघड बोलावा लागतो, त्याची निम्मी मेहनत ड्रॅगनांनीं वांचविली. यारोसबाईंची गति विलक्षण आहे. पुस्तक खालीं ठेववत नाहीं, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. परंतु खालीं ठेवल्यावर मागें काय उरतें असें स्वतःस विचारलें, तेव्हां आकाशांतील झुंजी आठवल्या. तीं दोघें एकमेकांसाठीं काय गमावून बसलीं हें मात्र आठवेना.

मग लक्षावधि वाचकांना हा बंध इतका हवासा कां वाटतो? त्याचें उत्तर आमच्या विद्यार्थिनीनें आधींच दिलें होतें. आजच्या तरुणतरुणींना निवडीचा हक्क तर मिळालाच, पण निवडीचा भारहि त्यांच्याच खांद्यावर आला. हातांतील यंत्रावर बोट फिरवावें आणि शेंकडों चेहरे पुढें सरकावे, त्यांतील कोणता आपला हें सांगणारें कोणी नसावें, आणि चुकलें तर दोष सर्वस्वीं आपला असावा, ही स्थिति आम्ही ज्या पिढीचे आहों तिला पूर्ण कळणार नाहीं. अशा मनाला नियतीचा शिक्का हें बंधन न वाटतां विसावा वाटतो. हा विसावा हास्यास्पद नव्हे. परंतु वाङ्मयानें विसाव्यापलीकडे कांहींतरी द्यावें, आणि अद्भुताच्या अंगीं तें देण्याचें सामर्थ्य आहे, एवढेंच आमचें म्हणणें आहे. त्यासाठीं दुसऱ्या प्रकारच्या तीनचार कादंबऱ्या पाहूं.

ऑड्री निफेनेगर यांची 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' ही २००३ सालची कादंबरी घ्या. नायक हेन्री हा शिकागोच्या एका ग्रंथालयांत काम करणारा गृहस्थ. शरीरांतील एका जन्मजात विकारामुळें तो अकस्मात् भूतकाळांत किंवा भविष्यकाळांत फेकला जातो, आणि तेथें उघडानागडा व भुकेला जाऊन पडतो. क्लेअर त्याला प्रथम पाहते तेव्हां ती ६ वर्षांची आणि तो ३६ वर्षांचा असतो. उलट हेन्रीच्या आयुष्यक्रमांत त्यांची पहिली भेट तो २८ आणि ती २० वर्षांची असतांना होते. येथेंहि सर्व पूर्वनियोजितच आहे असें कोणी म्हणेल. तें खरें आहे; परंतु लेखिका त्या नियतीकडून सांत्वन घेत नाहीं, तर तिच्याविषयीं शंका काढते. जिला लहानपणापासूनच आपला नवरा कोण हें ठाऊक आहे तिनें त्याला निवडलें असें म्हणावें काय? आणि क्लेअरच्या वाट्याला जें येतें तें काय? नवऱ्याचे पडलेले कपडे उचलणें, दिवा ठेवून जागणें, आणि तो कोणत्या अवस्थेंत परत येईल याचा घोर. समुद्रावर किंवा सीमेवर गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या कोणत्याहि स्त्रीचें हें जिणें आहे. कालप्रवासाच्या कल्पनेनें लेखिकेनें आपणांस दूर नेलें नाहीं. रोज डोळ्यांपुढें असून न दिसणारी एक गोष्ट तिनें आपणांस दाखविली.

अर्सुला ल ग्विन यांच्या अर्थसी द्वीपमालेच्या कथांत याहून वेगळा चमत्कार घडतो. त्या सृष्टींत मांत्रिक ब्रह्मचारी असतात. मंत्रविद्या आणि स्त्रीसहवास यांचें वैर तेथें गृहीतच धरलेलें आहे. १९७२ सालच्या 'द फार्दस्ट शोअर'मध्यें महामांत्रिक गेड आपली सर्व विद्या खर्च करून रिता होतो. नंतर १८ वर्षांनीं, १९९० सालीं, लेखिका 'टेहानू'मध्यें त्याच्याकडे परत येते. आतां तो शेळ्या राखणारा, स्वतःच्या दुर्बलतेची लाज वाटणारा प्रौढ पुरुष आहे. तेनार, जिला त्यानें तरुणपणीं थडग्यांच्या अंधारांतून बाहेर आणलें होतें, ती आतां मोठ्या झालेल्या मुलांची विधवा आई आहे. एका रात्रीं गुंड घरावर चालून येतात तेव्हां गेड मंत्र म्हणूं शकत नाहीं. गवत उचलण्याचा लोखंडी कांटा घेऊन तो पुढें होतो. त्यानंतर तीं दोघें एकत्र येतात. अद्भुत ओसरल्यावरच येथें प्रेमाला जागा मिळाली, आणि तेंहि अशा दोघांना, ज्यांच्याकडे प्रणयकादंबरी सहसा वळूनहि पाहत नाहीं. लेखिकेनें आपल्याच सृष्टीच्या एका नियमाला येथें जाब विचारला आहे.

पण या विषयाचा सर्वांत खोल विचार काझुओ इशिगुरो यांनीं केला आहे, असें आम्हांस वाटतें. २००५ सालच्या त्यांच्या 'नेव्हर लेट मी गो' या कादंबरींत, अवयव काढून घेण्यासाठींच निर्माण केलेल्या मुलामुलींमध्यें एक वदंता असते: दोघांचें प्रेम खरें आहे असें सिद्ध करतां आलें तर मरण कांहीं वर्षें लांबतें. कॅथी व टॉमी पुरावा म्हणून टॉमीनें काढलेलीं चित्रें घेऊन जातात, आणि तशी कोणतीहि सवलत कधींच नव्हती असें त्यांना कळतें. त्यांच्या प्रेमांत खोट होती असें नव्हे. प्रेमाला दाद देणारें न्यायालयच अस्तित्वांत नव्हतें.

'द बरीड जायंट' या २०१५ सालच्या कादंबरींत तें न्यायालय आहे, आणि तें अधिक भीषण आहे. काळ राजा आर्थरच्या नंतरचा. क्वेरिग नांवाच्या ड्रॅगनमादीच्या श्वासानें सर्व ब्रिटनवर धुकें पसरलें आहे, आणि त्या धुक्यानें लोकांची स्मृति झिजत चालली आहे. ॲक्सल आणि बिॲट्रिस हें वृद्ध जोडपें, ज्याला आपल्या मुलाचा चेहराहि नीट आठवत नाहीं, त्याच मुलाला भेटावयास निघतें. वाटेंत त्यांना एका नावाड्याविषयीं कळतें. तो माणसांना एका बेटावर नेतो. तेथें गेलेला प्रत्येकजण एकटाच भटकत राहतो. क्वचित् एखाद्या जोडप्याला बरोबर राहूं देतात, पण त्याआधीं नावाडी दोघांना निरनिराळें बसवून प्रत्येकास त्याच्या सर्वांत जपलेल्या आठवणी विचारतो. बिॲट्रिसची भीति आतां वाचकाच्या ध्यानांत येईल: आठवणीच गेल्या तर प्रेमाचा पुरावा द्यावा कशानें?

येथपर्यंत कोणीहि कुशल लेखक आला असता. इशिगुरो एक पाऊल पुढें जातात. धुकें शापच नव्हे, तो उपकारहि आहे. आर्थरनें केलेल्या कत्तलीची आठवण बुजवून त्यानें ब्रिटन व सॅक्सन यांच्यांत शांतता राखली आहे. आणि याच धुक्यानें या दोघांचा संसारहि सुखाचा राखला आहे. ड्रॅगनमादी मारली जाते, धुकें विरूं लागतें, आणि आठवणींबरोबर जुनी जखम परत येते. पत्नीचें एकदां पाऊल घसरलेलें, मुलगा रागानें घर सोडून गेलेला आणि सांथींत वारलेला, आणि नवऱ्यानें सूडबुद्धीनें तिला मुलाच्या थडग्यापर्यंत जाऊं न दिलेलें. मुलाला भेटावयास निघालेलीं हीं दोघें कोठें निघालीं होतीं हें वाचकाला आतां समजतें. ज्या प्रेमळ जोडप्यावर आपण तीनशें पानें विश्वास ठेवला, त्याचें प्रेम विस्मृतीचें फळ होतें, कीं जखमेवर सावकाश धरलेली खपली? लेखक उत्तर देत नाहीं. नावाडी म्हणतो, एका वेळीं एकालाच नेतां येईल. बिॲट्रिस होडींत बसते. आणि ॲक्सल पाण्यांतून किनाऱ्याकडे चालूं लागतो.

अशा पुस्तकांनीं वाचकाचा विसावा हिरावून घेतला, अशी तक्रार होईल. आम्ही ती नाकारीत नाहीं. मात्र दुःखान्त तेवढें थोर आणि सुखान्त तेवढें क्षुद्र असा आमचा सिद्धान्त नाहीं. तेनार आणि गेड यांना सुख मिळतें, आणि तें खरें वाटतें. भेद अन्यत्र आहे. ड्रॅगन दोन्हीकडे आहेत. एका कादंबरींत त्यांच्यामुळें प्रेमिकांना निर्णय घेण्याची गरज उरत नाहीं. दुसरींत ड्रॅगन मेल्यामुळें निर्णय टाळण्याची शेवटची सोय जाते. पन्नास वर्षें ज्याच्याबरोबर काढलीं त्यानें आपल्याशीं काय केलें हें पूर्ण आठवूनहि त्याच्याजवळ राहावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न कोणत्याहि चाळींतल्या, वाड्यांतल्या म्हाताऱ्या जोडप्यापुढें असतो. तो इतक्या स्पष्टपणें मांडण्यास मात्र ड्रॅगनचें धुकें लागलें.

आम्हीं त्या विद्यार्थिनीस तिचें पुस्तक परत केलें तेव्हां वर्गांतील विनोदाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि 'द बरीड जायंट'ची आमची प्रत तिला वाचावयास दिली. पंधरवड्यानें ती परत देण्यास आली. आवडली काय, असें आम्हीं विचारलें. आवडली असें तिनें म्हटलें नाहीं. थोडा वेळ ती दारांत उभी राहिली आणि मग म्हणाली, "सर, नावाडी खरंच परत येईल? आणि तो आला तर म्हातारा तिथं थांबलेला असेल का?"

आम्हांस तें ठाऊक नाहीं, असें आम्हीं तिला सांगितलें. खात्री मागावयास आलेल्या मुलीस आम्हीं अशा रीतीनें अनिश्चितता दिली, याची खंत आम्हांस कांहीं दिवस वाटत राहिली. परंतु तिनें ड्रॅगनांच्या जोड्या जुळविणाऱ्या त्या जाड पुस्तकाविषयीं आमच्याशीं कधीं एकहि प्रश्न काढला नव्हता. त्याचीं सर्व उत्तरें पुस्तकांतच होतीं. या म्हाताऱ्याविषयीं ती अजून, भेटली म्हणजे, विचारते.